खोलायचं की चालू द्यायचं?

माझ्याकडे 2003 सालची मारुती 800 आहे. पांढरी होती, आता तिचा रंग सांगणं अवघड आहे. मीटरवर दोन लाख चाळीस हजारांच्या वर किलोमीटर झालेत. सुरुवातीची काही वर्षं ती मुशायऱ्यांना आणि कविसंमेलनांना धावली. मागच्या सीटवर एकाच वेळी चार कवी बसलेले तिनं पाहिलेत, आणि चौघांच्याही कविता ऐकून घेतल्यात. तिच्या सहनशक्तीबद्दल मला तेव्हापासून आदर आहे. गेली तीन वर्षं मात्र तिचं काम बदललं. आठवड्यातून दोनदा माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला, डायलिसिससाठी पैठणहून छत्रपती संभाजीनगरला न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. जायचे पन्नास, यायचे पन्नास. वर्षाला दहा हजार किलोमीटर सहज होतात.

गेल्या उन्हाळ्यात परतताना ढोरकीनच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ आली. रेडिएटरचा होस पाइप फुटला होता. डायलिसिस झालेल्या माणसाला त्या दिवशी चार पावलं चालायचीही ताकद नसते. आपा रस्त्याकडेच्या लिंबाखाली ओढणी डोक्यावर घेऊन बसली. मी येणाऱ्या गाड्यांना हात करत राहिलो. पाऊण तासानं एक दुधाचा टेम्पो थांबला आणि ड्रायव्हरनं तिला पुढे बसवून घरी पोचवलं. पाइप अडीचशे रुपयांचा होता. दोन महिन्यांपूर्वी मिस्त्रीनं तो दाबून दाखवला होता, "साहेब, फुगलाय बघा." मी म्हटलं होतं, पुढच्या महिन्यात बघू. दोष कुणाचा, हे सांगायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला सांगितलं, आता काय काय जाऊ शकतं त्याची यादीच दे. त्यानं दिली. टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर, ऑईल सील, सगळे होस पाइप, पेट्रोलचे रबरी पाइप, ब्रेकचे रबरी पाइप आणि सिलिंडरांचे किट, फॅन बेल्ट, वॉटर पंप, क्लच प्लेट, आणि शेवटी इंजिनाचं काम, म्हणजे रिंगा-बिंगा. बेरीज 34,000 रुपये. भंगारवाला पूर्ण गाडीचे 20,000 देतो म्हणाला होता. घरात ती यादी वाचली तेव्हा मुलगा हसला. म्हणाला, "अब्बू, वीस हजाराच्या गाडीला चौतीस हजाराची दवा?"

त्याचं हसणं बरोबर होतं की चूक, हे ठरवायला मला थोडं मागे जावं लागलं. मी कवी माणूस, तोही बी.ए.; यंत्रातलं मला कळत नाही. पण माझे वडील एसटीच्या पैठण आगारात मेकॅनिक होते, आणि त्यांची एक जाड वही माझ्याकडे आहे.

मोडण्याआधी दुरुस्त करायचं, ही गोष्ट आपल्या मराठवाड्याच्या रस्त्यांवर तशी जुनीच. आपण निजामाच्या राज्यात होतो. 1932 साली निजाम स्टेट रेल्वेनं स्वतःचं रस्ता वाहतूक खातं काढलं आणि 27 बसगाड्यांवर प्रवासी वाहतूक सुरू केली. देशातल्या सरकारी बससेवांमध्ये ती अगदी सुरुवातीची. गाड्या अल्बियन कंपनीच्या, स्कॉटलंडहून आलेल्या. त्यातली एक हैदराबादला अजून जपून ठेवलेली आहे. ही सेवा रेल्वेनं काढली, याला महत्त्व आहे. रेल्वेवाल्यांना इंजिन बिघडेपर्यंत वाट पाहणं परवडत नसे, कारण एक इंजिन रुळावर अडलं की मागची सगळी वाहतूक अडते. त्यामुळे ठराविक मैल झाले की तपासणी, ठराविक काळानं उघडून साफसफाई, ही त्यांची शिस्त. एकट्या मालकाच्या खाजगी मोटारीला ती कुठून असणार? तिथे मोडेल तेव्हा बघू.

तिकडे मुंबई राज्यात 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, पहिली एसटी धावली. गाडी बेडफोर्डची. 1956 ला राज्य पुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि इथली बसवाहतूकही पुढे एसटीत गेली. माझे आजोबा निजामाच्या बसवर क्लीनर, वडील एसटीत मेकॅनिक. आमच्या घरात राज्यं बदलली ती अशी.

वडिलांच्या तोंडात एक शब्द कायम असायचा, 'डॉकिंग'. लहानपणी मला वाटायचं, हे कुठल्या तरी बंदराचं नाव आहे. शब्द खरोखर बंदरावरचाच आहे. जहाज गोदीत घेतात तशी बस खड्ड्यावर घ्यायची, तिला ठराविक किलोमीटर झाले की. गाडी चालतेय की रडतेय याच्याशी संबंध नाही. तारीख आली, किलोमीटर भरले, घ्या खड्ड्यावर. वडील खड्ड्यात उतरून खालून हातोडीनं नट ठोकून आवाज ऐकायचे. मोठं काम निघालं तर गाडी चिकलठाण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत जायची. ज्यांना एसटी म्हणजे फक्त धूर आणि खडखडाट आठवतो, त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की त्या खडखडाटामागे कुणी तरी रोज काळ्या हातांनी वही लिहीत होतं.

सुट्टीच्या दिवशी मात्र वडील गावातल्या जीपा आणि फियाट दुरुस्त करत. पैठणला तेव्हा धरणाचं काम जोरात होतं. 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि 1976 ला इंदिरा गांधींनी धरण राष्ट्राला अर्पण केलं. त्या दहा-अकरा वर्षांत गावाच्या रस्त्यांनी जेवढ्या जीपा पाहिल्या, तेवढ्या त्याआधी कधी पाहिल्या नसतील. ठेकेदारांच्या, साहेबांच्या, दलालांच्या. या खाजगी गाड्यांच्या बाबतीत वडिलांची भाषा एकदम बदलायची. मालक म्हणाला, "चाचा, जरा इंजिन खोलून बघता का, काही नाही, सहज," की ते हात झटकायचे. "चलती गाडी कू नक्को छेडो."

मला हे कोडं वाटायचं. आगारात जो माणूस धडधाकट गाडी किलोमीटर भरले म्हणून खड्ड्यावर घेतो, तोच घरी म्हणतो चालत्या गाडीला हात लावू नका. एकदा विचारलं तर म्हणाले, "तिथं शंभर गाड्या आहेत, वही आहे, तोच नट पुन्हा त्याच हातानं बसतो. इथं सहज खोललेलं कधी सहज बसत नाही." वहीत त्यांनी एका जीपबद्दल लिहून ठेवलंय: काम केलं, दुसऱ्याच दिवशी पाणी गळायला लागलं, चूक माझी, गॅस्केट नीट बसलं नव्हतं. पुढे त्यांनी स्वतःपुरता नियमच केला, मोठं काम केलेली गाडी पहिले आठ दिवस गावातच फिरवायची, लांब न्यायची नाही.

हे फक्त आमच्या घरातलं शहाणपण असेल असं मी समजत होतो. नंतर वाचनात आलं की दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या हवाई दलाला हाच प्रश्न पडला होता. समुद्रावर जर्मन पाणबुड्या शोधणारी लिबरेटर जातीची मोठी विमानं होती. ठराविक तास उडाली की त्यांची सक्तीची तपासणी व्हायची. तरी विमानं उडण्यापेक्षा जमिनीवरच जास्त. तेव्हा सी. एच. वॅडिंग्टन या शास्त्रज्ञाच्या गटानं दुरुस्त्यांच्या नोंदी मांडून पाहिल्या. वॅडिंग्टन मूळचे जीवशास्त्रज्ञ, म्हणजे यंत्राकडे वैद्याच्या नजरेनं बघणारे. त्यांना दिसलं ते चमत्कारिक होतं. तपासणी झाल्यानंतर बिघाड कमी व्हायला हवेत. प्रत्यक्षात तपासणीनंतर लगेच ते वाढत आणि मग हळूहळू कमी होत. म्हणजे तपासणीच्या नावाखाली बसलेली घडी मोडली जात होती. त्यांनी तपासण्यांमधलं अंतर वाढवायला सांगितलं आणि विमानांचे उड्डाणाचे तास वाढले. वडिलांनी ऐकलं असतं तर म्हणाले असते, मी काय सांगत होतो?

पण गोष्ट तिथं संपत नाही. 1978 साली अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी तिथल्या संरक्षण खात्यासाठी एक मोठा अहवाल लिहिला. विमानाचे सुटे भाग किती वापरानंतर बिघडतात, याचा त्यांनी हिशेब काढला. आपल्याला वाटतं, वय झालं की बिघाड वाढणारच, माणसासारखं. त्यांना आढळलं की ज्यांना वयाची मर्यादा घालून बदलण्यात अर्थ आहे, असे भाग शंभरात जेमतेम अकरा. बाकीचे कधीही जातात, नवे असताना जातात तसेच जुने असतानाही. त्यांना तारीख बघून बदलणं म्हणजे चांगला भाग काढून अनोळखी भाग बसवणं. म्हणून त्यांनी प्रत्येक भागाला वेगळे प्रश्न विचारायला सांगितलं: हा वयानं झिजतो का? जाण्याआधी काही खूण देतो का? आणि गेला तर काय होईल?

हे प्रश्न मी मिस्त्रीच्या यादीशेजारी पेन्सिलीनं लिहिले. मला वाटतं, कवितेचं संपादनही असंच करायला हवं, पण तो विषय वेगळा.

सगळ्यात आधी इंजिनाचं काम, 18,000 रुपये. गाडी हजार किलोमीटरला पाव लिटर ऑईल खाते. म्हणजे रिंगा झिजल्यात. पण त्या अचानक जात नाहीत. धूर वाढतो, ऑईल वाढतं, ओढ कमी होते, वर्षभर आधी सांगत राहतात. आणि खोललं की वडिलांचा नियम आलाच, नवं बसवलेलं सगळं पुन्हा शंकेचं. डिकीत ऑईलचा डबा ठेवणं स्वस्त. खोडलं. क्लच प्लेट 4,500. तीही आधी सांगते, चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी सरकत नाही. पैठण रस्त्याला चढ तो कसला? खोडलं. वॉटर पंप दीड हजार. त्यातून थेंब गळायला लागतो, बोटानं हलवून खुळखुळा कळतो. मिस्त्रीनं हलवून पाहिला, घट्ट होता. खोडलं, पण दर महिन्याला बघायचं.

राहिलं ते सगळं रबर. टायमिंग बेल्ट वयानं आणि किलोमीटरनं झिजतो, बहुतेक वेळा आवाजही न करता तुटतो, आणि तुटला की इंजिन त्याच जागी बंद. यादीतल्या तिन्ही प्रश्नांना त्याचं उत्तर वाईट. आमच्या गाडीत तो शेवटचा कधी बदलला, याची कुठंच नोंद नव्हती. वही ठेवणाऱ्या माणसाचा मी मुलगा! बेल्टसाठी पुढची बाजू उघडायचीच तर टेन्शनर आणि ऑईल सीलही त्याच वेळी, कारण मजुरी एकच. ब्रेकचे रबरी पाइप बाहेरून धड दिसतात, आतून फुगतात. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषून घेतं. इथं खूण मिळायची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण ती खूण समोरच्या ट्रकजवळ मिळते.

पेट्रोलच्या पाइपांचा इतिहास थोडा सांगायला हवा. गाडी तीच राहते, पण तिच्या पोटात जाणारं बदलतं. फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं. हवेसाठी आणि मुलांच्या मेंदूसाठी ते फार चांगलं झालं, पण जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकींना शिशाचा जो थर आधार द्यायचा, तो गेला. त्या काळी कितीतरी फियाटवाले मिस्त्रीकडे हेड घेऊन बसलेले मी पाहिलेत. आता तसंच इथेनॉलचं. 2023 पासून 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि 2025 पर्यंत ते सगळीकडे झालं. पेट्रोलियम मंत्रालयानंच ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं की काही जुन्या गाड्यांत 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. माझ्या गाडीचा जन्म 2003 चा. तिच्या पाइपांना उसाच्या या रसाची सवय नाही. बदला.

एक गोष्ट मिस्त्रीच्या यादीत नव्हती. टायरच्या बाजूला चार आकडे उठवलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. मागच्या दोन टायरांवर 1416 होतं, म्हणजे 2016 सालचा चौदावा आठवडा. नक्षी अजून खोल होती म्हणून कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. वाकून पाहिलं तर कडेला बारीक भेगा. गुळगुळीत टायर सगळ्यांना दिसतो, म्हातारा टायर दिसत नाही. दोन टायर घेतले, 4,800 रुपयांचे. एकूण झाले 14,800.

मुलगा म्हणाला, तरी गाडीच्या किमतीच्या पाऊणपट झालेच की. मी त्याला दुसरा हिशेब दाखवला. पैठणहून शहरात जाऊन-येऊन, चार तास थांबून, भाड्याची गाडी 1,800 रुपये घेते. आठवड्याला दोनदा, महिन्याला आठ फेऱ्या, 14,400. एसटीत महिलांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, जाताना आपा बसनं जाऊही शकेल. येताना उभं राहायची वेळ आली तर? दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी ताडून पाहायचा नाही, गाडी नसली तर जे द्यावं लागेल त्याच्याशी पाहायचा. हे मला ढोरकीनच्या लिंबाखाली कळलं, अहवालातून नाही.

सरकारचाही हिशेब आहे, तो विसरून चालत नाही. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. माझ्या गाडीचं 2018 ला झालं, 2023 ला झालं. हे शुल्क पूर्वी 600 रुपये होतं, एप्रिल 2022 पासून 5,000 झालं आणि वीस वर्षांवरच्या मोटारींना ऑगस्ट 2025 पासून 10,000. पर्यावरण कर वेगळा. तेव्हा 2028 ला पुन्हा बसून पेन्सिल घ्यावी लागणार. मुंबईत टॅक्सींना वीस वर्षांची मर्यादा आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी, आपली काळी-पिवळी, तिथल्या रस्त्यांवरून ऑक्टोबर 2023 मध्ये गेली, त्या दिवशी बातमीत लोक रडताना दिसले. मारुती 800 चं उत्पादन जानेवारी 2014 लाच थांबलंय. डिसेंबर 1983 मध्ये तिची पहिली किल्ली पंतप्रधानांच्या हातून दिली गेली होती, तेव्हा मी शाळेत होतो आणि ते चित्र मी पेपरातून कापून ठेवलं होतं. सुटे भाग मात्र अजून शहरातल्या दुकानांत सहज मिळतात, आणि जुनी गाडी ठेवायची की नाही हे बरंचसं त्यावर असतं.

हे सगळं ठरत होतं तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता. धरणाचे 27 दरवाजे आहेत. कित्येक वर्षं असं होतं की पाणीच पुरेसं येत नाही आणि दरवाजे हलवायची वेळ येत नाही. तरी पावसाळ्याआधी त्यांना ग्रीस, त्यांच्या रबरी पट्ट्यांची तपासणी, यंत्रणा फिरवून पाहणं हे करावंच लागतं. ऑगस्ट 2006 मध्ये ते उघडावे लागले आणि आमच्या गावात पाणी शिरलं, तेव्हा आम्ही आपाच्या घरातले हातमागाचे लाकडी भाग डोक्यावरून उंचावर नेले होते. ती पैठणी विणायची. त्या रात्री मी पुराला शिव्या देत होतो. दरवाजे अडकले असते तर काय, हा विचार मला पुष्कळ वर्षांनी सुचला.

मिस्त्रीनं काम दीड दिवसात केलं. डायलिसिस नसलेला दिवस मुद्दाम निवडला. मग वडिलांच्या नियमाप्रमाणे आठ दिवस गाडी गावातच फिरवली. नाथमंदिर, बसस्थानक, धरणाचा रस्ता. त्या आठवड्यात दोन्ही वेळा भाड्याची गाडी केली, 3,600 गेले, आणि मुलगा पुन्हा हसला. तिसऱ्या दिवशी एका होसच्या क्लिपमधून खरंच पाणी झिरपलं. क्लिप आवळली, थांबलं.

काढलेला टायमिंग बेल्ट मी घरी आणला होता. मला वाटलं होतं, त्यावर भेगा असतील, दात झिजलेले असतील, मुलाला दाखवता येईल. आपानं तो हातात घेतला. आयुष्यभर पदराच्या काठावरून फिरलेलं तिचं बोट त्या पट्ट्याच्या कडेवरून सावकाश फिरलं, पूर्ण एक वेढा.

"अच्छा तो है," ती म्हणाली. "कहीं से उधड्या नइं. फिर बदल्या कायकू?"

मी म्हटलं, मिस्त्रीही म्हणाला, अजून वर्षभर चालला असता कदाचित.

तिनं यावर काही म्हटलं नाही. अंगणातल्या बकरीच्या खुराड्याचं फाटक सुतळीनं बांधलेलं होतं. ती सुतळी दर महिन्याला कुजून तुटायची. तिनं ती सोडली आणि फाटक त्या बेल्टनं बांधून टाकलं. मी आत येऊन वडिलांच्या वहीची कोरी पानं कुठून सुरू होतात ते शोधलं, आणि तारीख आणि किलोमीटर लिहिले.